खाटेपर्यंत शनी

"दोन्ही वायरी एका पाइपात घालू नका, गुर्जी," संपत वायरमननं पुन्हा बजावलं. "लाइटीची खाली, चित्राची वर, मधी ईतभर माती. न्हाईतर टीवीवर पट्टे येतेत."

सर्जेरावांनी मान डोलावली आणि कुदळ उचलली. हसनाबादच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, पोरांच्या परीक्षा घेतल्या. आता निवृत्तीनंतर परसातला मुरूम त्यांची परीक्षा घेत होता. परसाच्या पार टोकाला त्यांची दुर्बीण होती आणि घरात बायकोची खाट. मधे चर खणून वायरी पुरायच्या, दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि शनी थेट खाटेसमोरच्या टीव्हीवर आणायचा, असा बेत होता.

"लोकं शनी टाळायला तेल वाहतेत," संपत म्हणाला, "आन तुमी त्याला वायर टाकून घरात आणून राह्यले."

"पाव्हना म्हणून येऊन राह्यला. मुक्कामाला न्हाई."

सत्यशीलाबाई दिवाळीत पडल्या होत्या. भरदिवसा, अंगणात, बादलीला अडखळून. खुब्याचं हाड मोडलं. बादली वाटेत आपणच ठेवली, हे सर्जेरावांच्या मनातून जात नव्हतं. त्याहून एक गोष्ट जास्त सलत होती. गावच्या पोराटोरांना त्यांनी शनी दाखवला, पण बायको दर वेळी चुलीपुढून "उद्या बघीन" म्हणाली आणि त्यांनीही कधी हाताला धरून नेलं नाही. आता तिला परसापर्यंत चालणं शक्य नव्हतं.

पडल्यापासून सत्यशीलाबाईंचं कशातच मन लागत नव्हतं. पेपर नको म्हणायच्या. मधुमेहाच्या गोळ्याही हातावर ठेवल्या तरच घ्यायच्या. चराची चौकशी मात्र रोज करायच्या, कुठवर आला म्हणून. तेवढ्या बळावर सर्जेराव खणत होते.

चित्राच्या बाबतीत त्यांचा बायकोवर पुरता भरवसा होता. पूर्वी ते पत्र्यावर चढून अँटेना फिरवत आणि "आलं का?" म्हणून ओरडत. आतून उत्तर यायचं, "न्हाई. मुंग्या हायेत." चित्र लख्ख झाल्याशिवाय बाई हो म्हणायची नाही, मग नवरा वर उन्हात भाजून निघाला तरी बेहत्तर.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी चर बुजवून झाला. संपत पैसे न घेताच सायकल काढून गेला. शनीच्या कामाचे घेऊ नयेत म्हणाला. सर्जेरावांनी टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि बायकोच्या पाठीशी उशी सरकवली.

"आन न्हाई दिसला तर?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"मंग सगळा चर पुन्हा उकरीन. तुला दिसल्याबिगर सोडत न्हाई."

त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावरून बोटं फिरवली. तळवा फोडांनी भरला होता.

"जा," मग म्हणाल्या. "जल्दी या."

सर्जेराव परसात आले. पूर्वेला शेजारच्या तुरीवर शनी आला होता. त्यांनी दुर्बीण लावली, डोळ्यानं एकदा खात्री केली, कॅमेरा बसवला. आनंदाच्या भरात त्यांनी चरातून आलेल्या चित्राच्या वायरीचं टोक उचललं. खिडकीच्या दिशेनं तोंड करून ते ओरडले,

"सत्यशीला, टीवीकडं बघ बरं. आता..."

"आला, आला," आतून लगेच आवाज आला. "एकदम साफ आला, आवो. त्याचं कडं बी दिसून राह्यलं. आता पुन्हा काही उकरू नका."

सर्जेरावांनी हातातल्या वायरीच्या टोकाकडं बघितलं. ते अजून कॅमेऱ्याला जोडायचं होतं. मग त्यांना ती बादली आठवली, भरदिवसा तिला न दिसलेली.