निळ्या गाडीचा काटा

"चावी फिरवून ठेवा, आबा, आन् काट्यावरनं नजर हलवू नका!" गाडीखालून करुणा ओरडली.

म्हाळूआबांची नजर काट्यावरच होती. टाकी काठोकाठ भरलेली, आणि काटा मात्र रिकाम्या खुणेवर लोळत पडलेला. या काट्याचं खरं मानायचं आबांनी कधीच सोडलं होतं. म्हणून तर परवा यवतच्या अलीकडे डिझेल खरोखर संपलं तेव्हा त्यांना पत्ता लागला नाही.

विठाबाई दारात रेल्वेचा पास धरून उभ्या होत्या. "बाराची गाडी हाय. काटा सुधारला तर तुमच्यासंगं, न्हाईतर मी आपली रेल्वेनं जाते नागपूरला."

दौंडच्या रेल्वेत जन्म घालवलेल्या माणसाला बायकोनं रेल्वेचीच धमकी द्यावी! आबांना ते फार लागलं. जुनी मेटाडोर घेऊन तिच्यात खाट, स्टोव्ह, पाण्याचं पिंप बसवलं होतं, ते दोघांनी आपल्या घरात बसून दीक्षाभूमीला जावं म्हणून.

करुणा त्यांची लेक, कुरकुंभच्या कारखान्यात वायरमन. तिनं टाकीवरची वायर सोडवून चेसिसच्या लोखंडाला टेकवली. काटा थरथरला, उठला आणि सावकाश चढत फुल्लला भिडला.

"हालला! अगं, हालला!" आबा सीटवरून उडालेच.

करुणानं वायर परत जोडली आणि टाकीपासून चेसिसला वेगळी तार लावून पाहिली. काटा पुन्हा चढला.

"मीटर चांगला, वायर चांगली. टाकीला अर्थिंग मिळंना, लोखंडाला लोखंड टेकत न्हाई. आबा, खालूनबी रंग दिलाय व्हय?"

"तीन हात दिलेत!" आबा ऐटीत म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. अर्थिंगचा स्क्रू काढून, त्या जागी निळा रंग फासून, तो परत त्यांनीच बसवला होता.

करुणानं पॉलिश पेपर मागितला. आबांनी तो काढला, पण हातातच धरून ठेवला. या रंगाला त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"खरडू द्या की तिला!" विठाबाई म्हणाल्या. "कोन बघतंय वाकून?"

रंग खरडला, स्क्रू आवळला, चावी फिरवली. काटा फुल्लला जाऊन उभा राहिला. विठाबाईंनी पास पिशवीत कोंबला आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या. आबांना हसावं की रडावं कळेना.

करुणाला हात करून गाडी निघाली. फर्लांगभर गेली असेल नसेल, तोच विठाबाई ओरडल्या, "थांबवा!"

आबांनी करकचून ब्रेक मारला. आधी काट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "काय झालं? काय ऱ्हायलं?"

"काय न्हाई," विठाबाई पदर सावरत म्हणाल्या. "रेल्वे काय माझ्यासाठी थांबत न्हाई. ही मी म्हनल्यावर थांबती का, ते बघितलं. चला आता."