गेलेल्याचं नाव

"गोळ्यांनी झोप येते, राग जात नाही," मी समुपदेशक ईशानी मॅडमना सांगितलं.

"तुमच्याकडे माणसाला कायमचा निरोप कसा देतात?"

"काशीत राहतो आम्ही. पिंड देतो."

"मग ज्यानं तुमचं बालपण नासवलं, त्याला द्या. जिवंत असला तरी. जाऊ दे त्याला मनातून."

त्यांना वाटलं असेल, मी घरीच भाताचे गोळे करून गंगेत सोडेन. मी पंचगंगा घाटावर गेले. पितृपक्ष होता. काशीनाथ गुरुजींसमोर वीस-पंचवीस यजमान ओळीनं बसले होते. मीही जाऊन बसले.

"इरावती ना तू? केवढी झालीस!" गुरुजी खूश झाले. माझ्या बोटात दर्भाचं पवित्रक त्यांनीच घातलं. मी हात मागे घेतला नाही.

"गोत्र?"

"भारद्वाज."

"अरे वा, आमचंच! गेलेल्याचं नाव?"

"काशीनाथ वामन."

ते हसले. "अगं वेडे, माझं नाही. जो गेला त्याचं सांग."

"त्याचंच सांगतेय," मी शेवटच्या यजमानालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी नऊ वर्षांची असताना दार लावून मला स्तोत्रं शिकवायचा, तो."

गुरुजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली.

मी पिंड उचलला. "मंत्र म्हणा, गुरुजी. पाठ आहे मला, पण तुमच्या तोंडून ऐकायचाय."