चाळिसाव्या ओळीखाली

दोघं भावंडं ई-बुकांच्या फायलींना टॅग, म्हणजे मथळा-परिच्छेद दाखवणाऱ्या खुणा, लावायचं काम करायची. दादाने अर्धवट सोडलेली फाइल चाळीस ओळींची होती. धाकटीने तपासणीची कमांड दिली, तर स्क्रीनवरचं टर्मिनल म्हणालं : एकेचाळिसाव्या ओळीत चूक.

तिने फाइल उघडून पाहिली. चाळिसाव्या ओळीखाली काहीच नव्हतं.

"दादा तिकडे दवाखान्यात बेशुद्ध पडलाय, आणि तुला इथे थट्टा सुचतेय," ती कॉम्प्युटरवर करवादली आणि पुन्हा कमांड दिली.

त्रेचाळिसाव्या ओळीत चूक. टॅग बंद करणारी तिरकी रेघ उलटी.

ती रेघ उलटी मारायची खोड फक्त दादाची. त्यावरून दोघांची रोज जुंपायची.

तिने दवाखान्यात फोन लावला. "सिस्टर, दादा कसा आहे?"

"तसेच आहेत हो, डोळे मिटलेलेच. पण मघापासून बोटं चादरीवर भराभर आपटतायत. डॉक्टरांना बोलावलंय."

"त्याच्या कानात एवढं सांगाल? रेघ उलटी पडतेय म्हणावं."

"काय?"

"सांगा ना, प्लीज. धाकटी म्हणतेय म्हणून सांगा."

फोनमध्ये चपलांचा आवाज आला, मग कुजबुज. मग सिस्टर जवळजवळ ओरडलीच, "अहो, हे हसले!"

धाकटीने पुन्हा कमांड दिली.

एकूण ओळी अठ्ठेचाळीस. चूक एकही नाही.