स्वतःचं गाणं

आचलनं मंचाचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं आणि झटक्यात सोडला.

"दुसऱ्या रांगेत बसली आहे," ती म्हणाली.

"कोण?" धम्मदीप ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता.

"तानाबाई."

"मंग? ऐकाले आली असन."

गिटारची एक तार आचलनं उगाच ढिली केली, परत ताणली. दुपारचे चार वाजले होते. अल्लीपूरच्या विहारासमोरचं पटांगण मांडवासकट भरलं होतं आणि पाठीमागून अजून बायका येतच होत्या. पुलगावहून येताना एसटीत ती एका जागी बसली नव्हती. आताही बसवत नव्हतं.

"थे तार काऊन छळून राह्यली तू?" धम्मदीपनं विचारलं.

"ते गाणं तिचं आहे."

कुठलं गाणं, हे त्याला विचारावं लागलं नाही. तीन महिन्यांपूर्वी आचल इथं मावशीकडे आली होती. मावशीच्या वांग्याच्या वावरात तणाचं निंदण चाललं होतं. निंदता निंदता तानाबाई गुणगुणत होती, आणि आचलनं ओढणीआड मोबाईल धरून दोन ओळी टिपून घेतल्या होत्या. घरी जाऊन तिनं त्यांना चाल लावली, पुढं स्वतःचं एक कडवं जोडलं आणि गाणं इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलं : शब्द, संगीत, गायन – आचल. महिन्याभरात ते गावोगावी वाजू लागलं.

"तिले इचारलं होतं का तू?"

"नाही."

धम्मदीपनं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "मंग आज नको म्हणू थे. दुसरी आहेत नं."

तेवढ्यात बबनराव आत डोकावले. कार्यक्रम त्यांनीच ठेवला होता. "आधी तुमचंच गाणं घेऊ, ताई. लोक त्याच्यासाठीच आले आहेत. मी सांगतो, आपल्या जिल्ह्याच्या लेकीनं स्वतः लिहिलेलं."

"पाच मिनिटं थांबा, दादा," आचल म्हणाली आणि गिटार धम्मदीपच्या हातात देऊन मागच्या पायऱ्यांनी खाली उतरली.

बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती दुसऱ्या रांगेपाशी पोचली आणि तानाबाईसमोर उकिडवी बसली. म्हातारीनं निळं लुगडं नेसलं होतं. केस तेल लावून चापून बसवले होते.

"जय भीम, आजी. मले ओळखलं?"

"अन्नपूर्णाची भाची नं तू. जय भीम."

"आजी, तुमचं गाणं मी न विचारता घेतलं. त्याच्याखाली माझं नाव लावलं." बोलताना तिला आपलाच आवाज फार मोठा वाटला. शेजारच्या दोघी वळून पाहू लागल्या होत्या. "आज मी सगळ्यांसमोर सांगते, हे तानाबाईचं आहे म्हणून."

"तसं नको सांगू."

"तुम्ही रागावल्या?"

"नातीच्या मोबाईलवर ऐकलं मी. चांगलं म्हणतं तू. मी काऊन रागावू? माहं थोडीच आहे थे!" तानाबाईनं पदर सारखा केला. "थे सीताबाईचं आहे."

आचल उकिडवी होती ती खाली सतरंजीवरच टेकली.

"लय वर्सं झाली, दोन सालं आमच्यासंगं निंदाले येत होती. कडेवर पोरगी. आवाज असा का बांधावरची माणसं थांबत. थे ओळ म्हणे, आम्ही मागून झेलो. दिवस कसा जाये, समजे नाई. तिसऱ्या साली आली नाई."

"कुठली होती?"

"कोनं इचारलं?"

"आडनाव?"

तानाबाईनं मान हलवली. मग थोडं थांबून, जणू कोणी तिच्यावर आळ घेतला असावा तसं, म्हणाली, "भाकर देत होतो आम्ही तिले. पोरीले दूध देत होतो. नाव-गाव तेवढं राह्यलं."

माईक खरखरला. बबनराव सांगू लागले, "आता आपल्या पुलगावच्या आचलताई त्यांचं स्वतःचं गाणं..." टाळ्या पडल्या. आचल उठून मंचावर गेली. धम्मदीपनं गिटार पुढं केली, ती तिनं गळ्यात अडकवली नाही, नुसती हातात धरली.

खाली पाच-सहाशे माणसं होती. खरं सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल असं तिला मघापर्यंत वाटत होतं. आता सांगायचं काय, तेच तिला कळेना.

"हे गाणं मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. बबनरावांनी चमकून पाहिलं. "मी खोटं नाव लावलं. शेवटचं कडवं तेवढं माझं आहे, ते आज मी म्हणणार नाही."

मांडवात कुजबुज उठली. तिनं डोळे मिटले आणि वाद्याशिवायच दोन ओळी म्हटल्या, तिच्या चालीत नाही, वावरात ऐकल्या होत्या तशा संथ :

"माह्या सावलीले सांगा, पुढं चालू नको बाई,
पायाखालची ही वाट अजून ओळखीची नाई."

समोरच्या काही म्हाताऱ्यांचे ओठ हलले. आचलनं माईक घट्ट धरला.

"हे गाणं सीताबाईचं आहे."

पार मागून, पुरुषांच्या बाजूनं, कोणीतरी विचारलं,

"कोनती सीताबाई?"

दुसऱ्या रांगेत तानाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मागं वळून, जमलेल्या गावाकडं तोंड करून सांगायला उभी राहिली.