कुंभारणीचं घर

“तुमची पेनड्राइव्हच खराब आहे,” दवाखान्याचा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रियांकानं ती त्यातून उपसून टेबलावर टाकली. “धुण्यात गेली असेल.”

मयूरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या महिन्यातही हेच ऐकून ती या दवाखान्यातून परतली होती. मग दोन वर्षांच्या लेकाला, लाडूला, कडेवर घेऊन बेळगाव गाठलं, त्याच्या काळजाच्या इकोचा व्हिडिओ नव्या पेनड्राइव्हवर भरून आणला. ओल लागू नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवली. आणि ही म्हणे धुण्यात गेली!

आत डॉक्टर शेवटचा पेशंट तपासत होते. महिन्यातून एकदाच यायचे, दुपारी कॅसलरॉक स्टेशनवरून त्यांची परतीची गाडी. व्हिडिओ बघितल्याशिवाय ऑपरेशनचं काही सांगणार नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. लाडू बाकावर धापा टाकत बसला होता. ओठ जांभळे.

“पुन्हा घाला,” मयूरी म्हणाली.

“चार वेळा घातली की. कॉम्प्युटर दाखवत न्हाई, त्याला मी काय करू?”

“दाखवेल कसा? हिचा दिवासुद्धा लागत नाही. ते भोकच मेलंय. मागच्या बाजूला लावा.”

“मागची बाजू लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप. किल्ली साहेबांकडं आणि साहेब कारवारला.”

“मग पुढचंच दुसरं?”

“ते चालत न्हाई.” प्रियांकाचा हात पटकन कॉम्प्युटरच्या त्या बाजूला टेकवलेल्या फाइलीवर गेला.

इतका पटकन, की मयूरीनं ती फाइलच ओढली.

दुसऱ्या भोकावर वाळलेल्या मातीचा गोळा होता, नीट लिंपलेला. कुंभारीण माशीचं घर. त्याला कुणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं.

मयूरीनं बांगडीतली पिन काढली. तशी दवाखाना झाडणारी शकुंतलाबाई झाडू टाकून धावत आली.

“अगो अक्का, हात लावू नको! कुंभारीण घर बांधती तिथं पाळणा हलतो. आठ वर्सं झाली हिच्या लग्नाला. न्हाईतर कशाला ठिवलं असतं?”

प्रियांका मान खाली घालून टेबलाची कड चाचपत होती. मयूरीचा हात जागीच थांबला. एवढ्यात बाकावरून लाडू खोकला, आणि खोकतच राहिला.

“आणि तुमचा पाळणा हलायचा म्हणून माझा थांबवता, व्हय? माझ्या तोंडावर खोटं बोलून? एकदा न्हाई, दोनदा?”

आतून डॉक्टरांनी बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

प्रियांकानं हात पुढं केला. “द्या ती पिन. मीच काढते.”

तिनं कडेकडेनं माती सुटी केली. गोळा अख्खा निघाला. तो डाव्या मुठीत घेऊन तिनं भोक फुंकलं, उरलेली माती पिनेनं अलगद खरवडली आणि पेनड्राइव्ह आत सारली.

इवलासा निळा दिवा लागला.

“डॉक्टर!” मयूरी ओरडली. “जाऊ नका! दिसतंय!”

पडद्यावर लाडूचं काळीज उघडझाप करू लागलं. डॉक्टर बॅग खाली ठेवून वाकले. “पुढचं दाखव,” ते म्हणत होते, आणि प्रियांका एकेक व्हिडिओ पुढं नेत होती, उजव्या हातानंच. डावी मूठ तिनं शेवटपर्यंत उघडली नाही.