हिरव्या तारेचं टोक

वायरमननं बोर्ड भिंतीपासून सोडवला तशी मागच्या धुळीतून एक हिरवी तार बाहेर लोंबली.

"ही बाई कुठे निघाली होती?" तो स्वतःशीच म्हणाला. सकाळपासून त्याची पकड आणि जीभ, दोन्ही चालू होत्या. आल्या आल्या त्यानं जुन्या बोर्डाला हात जोडले होते. "वहिनी, ही वायरिंग माझ्यापेक्षा वयानं मोठी. पाया पडूनच उघडतो." ती हसली नव्हती. तिचं हसू दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या दाराशी राहिलं होतं.

बोर्ड उघडायची पाळी आली ती लेकीमुळे. लेक साडेतीन वर्षांची. मावशीकडे गेली, तिथे आंघोळीला उभी राहिली आणि म्हणाली, "आता दिवे कोण घालवणार?" आंघोळ अंधारातच करायची असते, अशी तिची समजूत. तिच्या घरी रोज तसंच व्हायचं. आधी आजोबा आत जायचे. दाराशी चपला काढायचे, हात ओला करायचे, गिझर चालू असतानाच नळ मुठीत धरून उभे राहायचे. मग बाहेर येऊन मेन बंद करायचे. सगळं घर काळोखात. त्यानंतर नात आत. हे ऐकून मावशीनंच वायरमन धाडला होता.

सासरे तोंडानं काही बोलत नसत. पण ती काय समजायचं ते समजली होती. माझ्या बोटांवर यांचा विश्वास उरलेला नाही. रोज संध्याकाळी, न चुकता, मला त्या बटणाची आठवण करून देतात.

कारण ते बटण तिनंच दाबलं होतं. नवरा आतून ओरडला होता, "पाणी गार आहे गं!" कडेवर लेक रडत होती. जाता जाता तिनं कोपरानं बटण दाबलं. आत बादली पडल्याचा आवाज झाला. नंतर सासऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, "बटण कुणी लावलं?" ती म्हणाली होती, "मी." त्यावर त्या घरात आजवर कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. तो गेल्यावर गिझर तेवढा नवा आला होता.

"न्हाणीघरातून आलीय," वायरमन तार चाचपत म्हणाला. "गिझरला जोडलीय, भिंतीतून इथवर आणलीय. आणि इथे संपलीय." त्यानं टोक तिच्यापुढे धरलं. ते नीट गुंडाळून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेलं होतं. दुहेरी गाठ.

"कुठे जायला हवी होती?"

"जमिनीत. अंगणात खड्डा घ्यायचा, पत्रा पुरायचा, त्याला ही जोडायची. गिझरमध्ये करंट उतरला की तो हिच्यातून जमिनीत जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. ही अधांतरीच राहिली. म्हणजे करंट नळात दबा धरून बसणार. त्यात कुणी नळ मुठीत धरला, तर संपलंच. तळहाताला करंट लागला की मूठ आवळते, सुटत नाही. आम्ही म्हणूनच तपासताना तळहात कधी लावत नाही, उलट्या हातानं शिवतो."

"पण कुणी बटणच लावलं नसतं तर?"

वायरमननं तिच्याकडे पाहिलं. त्याची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "बटण लावायलाच असतं, वहिनी. त्यानं माणूस मरत नाही."

ती खाली बसली. पांढरा दोरा, दुहेरी गाठ. या घरात छत्रीची काडी तशी बांधलेली होती, चष्म्याची दांडी तशी बांधलेली होती. "बाहेरचा माणूस कशाला? माझे हात मोडलेत का?" असं म्हणत सासऱ्यांनीच अख्ख्या घराची वायरिंग केली होती. लग्नानंतर नवरा हसत सांगायचा, "तू येणार म्हणून अंगणात नवी फरशी घातली. आता बाबा ती कुणाला फोडू देत नाहीत. म्हणतात, बघू नंतर." फरशी फोडायची कशासाठी होती, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

सासरे दारात येऊन उभे राहिले.

"काका, हे काम कुणाचं हो?" वायरमननं तार उंच धरली. "त्याला कान धरून आणला पाहिजे."

सासरे दोऱ्याकडे बघत होते. दोन वर्षांचं ओझं एका शब्दात खाली ठेवता आलं असतं. शब्द तिच्या जिभेवर आलाही होता.

"जुनं घर आहे," ती म्हणाली. "कुणी केलं कुणास ठाऊक."

सासऱ्यांनी मान वर केली नाही.

वायरमननं गिझर काढून बाजूला ठेवला. "उद्या खड्डा घेतो, तार जोडतो, वर करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विचही बसवतो. मग बिनघोर राहा," म्हणाला आणि गेला. तिनं गॅसवर पाणी तापवलं. लेक टॉवेल गुंडाळून नाचत होती, "आज उजेडात! आज उजेडात!"

तेवढ्यात सासरे सवयीनं उठले. न्हाणीघराच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. हात ओला केला. आणि नळ मुठीत धरून डोळे मिटले.

ती दारात आली. सुटका आपली झाली आहे, तशी यांचीही व्हावी, म्हणून हळू म्हणाली, "बाबा, सोडा तो नळ. गिझर काढलाय. उद्या तारही जमिनीत जाईल. आता त्या नळाला करंट येणार नाही."

सासऱ्यांनी डोळे उघडले. मूठ तशीच होती.

"कधीच नाही?" त्यांनी विचारलं. शेवटची गाडी चुकलेला माणूस विचारतो, तसं.