निळा सतरा

"सांगून कुनाच्या बापाला पटायचं न्हाई," रखमाजी म्हणाला, "पन ही बया शिरूरला जाऊन आली. एकली. आन् येताना यष्टीनं."

ही बया म्हणजे त्याच्या दोन गुडघ्यांत मान अडकवून उभी असलेली कोकरी. कानात निळा बिल्ला, नंबर सतरा. केडगावच्या पुढं, रुळांपलीकडच्या पडीक रानात रखमाजीची मेंढरं बसली होती. जाळीच्या वाघरीत चोवीस कोकरं वेगळी ठेवलेली. बारांच्या कानात लाल बिल्ले, बारांच्या निळे. लाल बिल्ल्यांना भरड्यातून स्नेहलची वजन वाढवायची पावडर मिळायची, निळ्यांना नुसता भरडा. अडीच महिने दर पंधरवड्याला ती कॉलेजातून ताणकाटा घेऊन यायची, उजाडायच्या आत. रखमाजी कोकरू उचलून टांगायचा आणि नंबर पुकारायचा. ती वजन लिहायची. प्रत्येकाची अशी सहा वजनं.

आज काटा नव्हता. बाजेवर लॅपटॉप होता, आणि सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

"आबा, मला गोष्ट नको. हिचं पंधरा दिवसांत पाच किलो कसं वाढलं, तेवढं सांगा."

"त्येच सांगतोय की! वाटंला कांद्याचा टेम्पो हुबा हुता. ही चढली. शिरूरच्या मार्केट यार्डात आठ दिस नुसतं खाल्लं बगा. कोबीचा पाला, मक्याची कनसं, एका हमालाची भेळ बी. आन् फुगली. मंग न्हावऱ्याकडनं येनाऱ्या यष्टीत बसली. कंडक्टर म्हनला, हाफ तिकीट काढा. डायवर म्हनला, ऱ्हाऊ दे, कानात बिल्ला हाय, सरकारी मानूस दिसतंय."

एरवी स्नेहल हसली असती. चुलीपाशी भाकरी थापणारी त्याची बायको, भामाबाई, तीही हसली नाही.

स्नेहलनं पडद्याकडं पाहिलं. लाल कोकरांची एक रेघ, निळ्यांची एक. दोन्ही शेजारीशेजारी सारख्याच चढत गेल्या, तर पावडरीनं काही केलं नाही. लाल रेघ निळीपासून फाकत गेली, तर केलं. तिसऱ्या वजनापर्यंत ती जराशी फाकली होती. चौथ्याला सतरा नंबरनं उडी मारली, निळी रेघ वर ओढली आणि दोघींमधलं अंतर बुजवून टाकलं. कॉलेजातल्या तिच्या सरांनी त्या उडीभोवती पेन्सिलीनं गोल काढला होता. म्हणाले होते, हे कोकरू डोळ्यांनी बघून ये. लाल कोकरांतही दोन-तीन चांगली भारी भरली होती. पण ती भरायचीच होती, म्हणून त्यांच्याभोवती कुणी गोल काढला नव्हता.

आपल्याला कोणतं उत्तर हवंय, हे तिनं रखमाजीला सांगितलं नव्हतं. कळलं असतं, तर त्यानं तेच दिलं असतं.

ती उठली आणि तिनं कोकरीचा कान धरला. बिल्ले तिनं स्वतः पहिल्या दिवशी पंचनं ठोकले होते. हा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता.

"आणि ही तार? कंडक्टरनं बांधली का, आबा?"

रखमाजीनं गुडघे सैल केले. कोकरी निसटून कळपात घुसली.

"तुमीच म्हनला हुता पैल्या दिशी," तो म्हणाला. "सहातलं एक वजन जरी ऱ्हायलं, तर त्या कोकराची सगळीच वजनं बाद. सगळी. माज्या ध्येनात ऱ्हायलं त्ये. सतरा नंबर हगवनीनं गेली. म्हनलं, येवड्याशा जिवापायी पोरीची दोन वर्सं कुठं वाया घालवायची. शिरूरच्या बाजारातनं दुसरी आनली. रंग जुळला. वजनात जुळती काय घावली न्हाई, जरा थोरलीच आनावी लागली."

"आणि बाकीची?"

"बाकीची हायती तीच हायती."

"आबा."

"एकच गेली, म्याडम. बिरोबाची आन."

स्नेहल बाजेवर बसली. तिनं सतरा नंबरची ओळ काढून टाकली आणि पुन्हा गणित चालवलं. निळी रेघ खाली बसली. लाल तिच्यापासून सुटली आणि शेवटपर्यंत फाकत गेली, दोन वर्षं तिच्या डोळ्यांपुढं होती अगदी तशी. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात काढले. आता ती हसत होती.

"अहो, तेव्हाच सांगायचं ना! अकरांवर भागतं. एक गेल्यानं काही अडत नाही."

"न्हाई अडत?"

"नाही."

"बगा!" रखमाजीनं पटका सारखा केला. त्याचा आवाज परत चढला. "आन् यष्टीचं म्हनाल तर त्ये बी निम्मं खरंच हाय. ही नवी आनली ना, ती यष्टीनंच आनली. डायवर म्हनला..."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. भामाबाईनं ती उलथली नाही.

"एकच?" ती म्हणाली. "अवो, मंग लाल बिल्ल्याची तिघं म्या पुरली, ती कुनाची?"